एर्मेसचा एकुलता एक गोल

पिएवेरोस्सा क्लबचे कपडे मी एकतीस वर्षं धुतले. त्यामुळे फुटबॉलवर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते. ज्याला तसं वाटत नसेल त्याने खुशाल चौकातल्या बारमध्ये जाऊन बाप्यांचं ऐकावं. तिथे एर्मेस ग्वाल्दीची गोष्ट रोज सांगतात आणि रोज चुकीची सांगतात. एक म्हणतो त्याने पैसे खाल्ले, दुसरा म्हणतो त्याने जुना राग काढला, तिसरा म्हणतो तो मुळातच हरामखोर. यांतल्या एकानेही त्याचा शर्ट कधी हातात धरलेला नाही. मी तो धरलाय, पोरगा दहा वर्षांचा असल्यापासून.

कपड्यांवरून खेळाडू कळतो. पुढे खेळणाऱ्यांच्या शर्टांना नुसता घाम, फार तर केसांचं तेल. गोलकीपरच्या कोपरांना माती. एर्मेसच्या चड्डीची डावी बाजू मात्र सदानकदा हिरवीगार, आणि त्या हिरव्यात रक्ताचे ठिपके. तो डाव्या बाजूचा बचावपटू. घसरत जायचं आणि दुसऱ्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. ते डाग काढताना मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्यात.

त्याचा बाप अदेल्मो मैदानाचा राखणदार. गवत कापणं, पाणी मारणं, चुन्याच्या रेघा ओढणं, गोलच्या जाळ्या शिवणं, सगळं तोच करायचा, आणि शरदात बीट आलं की साखर कारखान्यात पाळीही करायचा. राहायला प्रेक्षकांच्या बाकांखाली दोन खोल्या होत्या. रविवारी डोक्यावर हजार माणसं पाय आपटायची आणि खाली कपाटातल्या बशा वाजायच्या. एर्मेसची आई, माझी मैत्रीण, त्याच खोल्यांत गेली, छातीच्या दुखण्याने, पोरगा सहा वर्षांचा असताना. तेव्हापासून बाप-लेक दोघंच. अदेल्मोचं बोलणं मोजकं. मुलाचं कौतुक करायचं झालं तर म्हणायचा, "आज बरा खेळलास." रागावला की काहीच म्हणायचा नाही, आणि पोरगा त्या गप्प बसण्याला जास्त घाबरायचा.

सतराव्या वर्षी एका मोठ्या शहराच्या क्लबने त्याला उचललं. गाव नुसतं हरखून गेलं होतं. मी त्याच्या सगळ्या मोज्यांवर लाल दोऱ्याने त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढून दिलं, कारण मोठ्या शहरात मोजे चोरीला जातात असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तिथे तो सहा रविवार पहिल्या संघाच्या राखीव बाकावर बसला. सातव्या रविवारी बाकावर दुसरं कुणीतरी बसलं. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगशी त्याचा संबंध आला तो एवढाच.

मग उतरण लागली. त्या काळात खेळाडूच्या नोंदणीचा कागद ज्या क्लबच्या कपाटात, खेळाडू त्यांचा. ते पाठवतील तिकडे जायचं. सार्दिनिया बेटावर एक वर्ष, पार दक्षिणेला कालाब्रियात दोन, मग पूल्या, मग पार वर डोंगरात, जिथे नोव्हेंबरपासून बर्फावर खेळायचं. सोळा वर्षांत नऊ क्लब. उजवा गुडघा दोनदा कापला. पूल्यात असताना एका औषधवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. तिसऱ्या बदलीच्या वेळी ती म्हणाली, "तू जा, मी आत्ताच पडदे लावलेत." तो गेला, ती राहिली. हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं, पण माझ्याकडे न बघता.

आणि या सगळ्यात गोल शून्य. चारशेच्या वर सामने खेळला माणूस, नावावर एक गोल नाही. मी त्याला छेडायची.

"अरे, चुकून तरी एखादा मार. चारशे सामन्यांत गाढवाचाही लागला असता."

"मावशी, दुसऱ्याला मारू न देणं हे माझं काम. मीच पुढे पळालो तर मागे कोण थांबणार?"

"आणि वाटत नाही कधी?"

"काय?"

"मारावा म्हणून."

"डाव्या बाजूच्या बचावपटूला काही वाटत नाही," तो म्हणाला. "वाटायला लागलं की क्लब दुसरा बघतात."

बत्तिसाव्या वर्षी तो तोर्रेफाल्काला आला. म्हणजे कालव्यापलीकडे, आमच्यापासून चौदा किलोमीटरवर. तोर्रेफाल्का आणि आम्ही एकाच लीगमध्ये, चौथ्या पायरीवर, तळाला घासत. दर सोमवारी तो सायकलवरून बापाकडे जेवायला यायचा. भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली मी करून द्यायची, कारण अदेल्मोच्या हातचं अन्न म्हणजे शिक्षा होती. त्या वसंतात एका सोमवारी आमचे अध्यक्ष झानासी तिथेच टेबलावर येऊन बसले. फरशीचा कारखाना त्यांचा, क्लबही त्यांचाच.

"एर्मेस, तुझा करार जूनमध्ये संपतोय ना?" झानासी म्हणाले. "यंदा आपण या लीगमध्ये टिकलो तर पुढच्या वर्षी तू घरी ये. दोन वर्षं खेळ, मग पोरांना शिकव. आणि बाप थकला की मैदान तू सांभाळ. या खोल्या तुझ्याच."

"आणि नाही टिकलो तर?" अदेल्मोने विचारलं.

"नाही टिकलो तर माझ्या बायकोने सांगितलंय की क्लब नाहीतर ती. तीस वर्षांचा संसार आहे, अदेल्मो. मी क्लब सोडीन."

एर्मेसचे कान लाल झाले होते. तो सायकल घेऊन गेल्यावर अदेल्मोने मला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, "नॉर्मा, या खोलीला रंग कुठला देऊ?" एवढा आनंदी मी त्याला त्याच्या लग्नात पाहिला होता, नंतर नाही. मी म्हटलं, पांढरा दे, चुना तुझ्याकडे पोत्याने आहे.

आता नशीब असं की शेवटच्या रविवारी सामना आला तो आमचाच तोर्रेफाल्काशी, आमच्या मैदानावर. दोघांनाही एकेक गुण हवा होता. बरोबरी झाली की दोघंही वाचणार. हरेल तो खाली, हौशी लोकांत. अशा सामन्याला आमच्याकडे बिस्किट म्हणतात. त्यात कुणी पैसे देत नाही, कुणी बैठक घेत नाही. नाणेफेकीला एक कॅप्टन म्हणतो, "ऊन फार आहे," दुसरा म्हणतो, "हो ना, कशाला धावायचं?" झालं बिस्किट. हे पाप आहे की नाही ते मला ठाऊक नाही. आमचे पाद्री दर वर्षी प्रवचनात त्याला पाप म्हणायचे आणि त्या रविवारी पहिल्या रांगेत येऊन बसायचे.

त्या दिवशी खरंच ऊन होतं. पॉपलरच्या झाडांचा कापूस उडायचे शेवटचे दिवस होते आणि मैदानभर पांढरा थर साचला होता. मी खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी टॉवेलांची टोपली घेऊन उभी होते. अदेल्मो कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ स्टुलावर बसला होता. पंच्याऐंशी मिनिटं बावीस माणसं गवतावर फेरफटका मारत होती. चेंडू इकडून तिकडे, तिकडून गोलकीपरकडे, गोलकीपरकडून परत. प्रेक्षक घड्याळं बघत होते आणि आइस्क्रीम खात होते. झानासींनी टाय सैल केला होता. आमचा गोलकीपर ओरेस्ते गोल सोडून चांगला पंचवीस पावलं पुढे येऊन उभा होता, हातात पाण्याची बाटली, आणि तोर्रेफाल्काच्या फॉरवर्डला विचारत होता की यंदा समुद्रावर कुठे जाणार.

शहाऐंशीव्या मिनिटाला चेंडू एर्मेसकडे आला. मैदानाच्या मधल्या रेघेच्या जरा पुढे, डाव्या कडेला. त्याने तो मागे द्यायचा होता. त्याआधी वीस वेळा त्याने तेच केलं होतं. त्याने मान वर केली. दोन पावलं टाकली आणि डाव्या पायाने मारला.

चेंडू खूप वर गेला. ओरेस्तेने वर पाहिलं आणि बाटली टाकून मागे पळायला लागला, पण माणूस मागे पळताना पाय अडखळतातच. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, एक टप्पा पडला आणि अदेल्मोने शिवलेल्या जाळीत जाऊन शांतपणे थांबला.

हजार माणसं होती आणि कुणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. तोर्रेफाल्काच्या लोकांत एकाने भोंगा वाजवला, तो शेजारच्याने हिसकावून घेतला. त्यांचा कॅप्टन मैदान ओलांडून एर्मेसकडे धावला. मला वाटलं मिठी मारायला धावतोय.

"काय केलंस रे गाढवा! काय केलंस!"

मी एर्मेसचा चेहरा पाहिला. माझ्यापासून तो वीस पावलांवर होता. कॅप्टन पोचायच्या आधी एक क्षण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं, आणि पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले की उन्हामुळे तसं दिसलं असेल. मग तो चेहरा गेला आणि दुसरा आला, पांढराफटक.

पुढचं आठवलं की मला आजही रडावं की हसावं कळत नाही. परत बरोबरी व्हावी म्हणून तोर्रेफाल्काच्या पोरांनी दारं सताड उघडी टाकली. कुणी आडवं येईना. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून बुटाची नाडी बांधत बसला. आणि आमची पोरं, देवा, आमची पोरं रडत होती. एकाने पाच पावलांवरून चेंडू बाहेर घातला. दुसऱ्याने बाकांच्या छपरावर. तिसऱ्याचा फटका त्यांच्याच एका बचावपटूच्या पाठीला लागला, तो बिचारा बाजूला व्हायच्या गडबडीत मध्ये आला. एर्मेस डोक्याला हात लावून किंचाळत होता, "मारा रे! मारा ना!" स्वतःच्या गोलमध्ये चेंडू घालायलाही तो धावला, पण तोवर रेफरीला संशय आला होता. त्याने घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. पिएवेरोस्सा हरली.

बोगद्यातून जाताना एर्मेस माझ्यापाशी थांबला. "वारा होता, मावशी," तो म्हणाला. "मी नुसता लांब टोलवला. वाऱ्याने नेला." मी त्याच्या हातात टॉवेल दिला. तेच त्याने झानासींना सांगितलं, तेच बापाला, तेच दारात जमलेल्या लोकांना. लोक थुंकले. अदेल्मोने ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातला झेंडा उपटून आत ठेवायला गेला.

झानासींनी बायकोला दिलेला शब्द पाळला. ऑगस्टपर्यंत क्लब बंद पडला. नगरपालिकेने मैदान आठवडी बाजाराला दिलं, गाड्या उभ्या करायला सोय झाली म्हणून वर्तमानपत्रात कौतुकही आलं, आणि अदेल्मोला खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. पासष्ट वर्षांचा माणूस एक पलंग, एक रेडिओ आणि जाळ्या शिवायची सुई घेऊन माझ्या दारात आला. माझ्या अंगणाकडची इस्त्रीची खोली मी त्याला दिली. मी विधवा, तो विधुर, गावाला चघळायला विषय मिळाला. चघळू दे म्हटलं.

एर्मेसचं तर वाटोळंच झालं. लीगचा एक चौकशी अधिकारी आला, कातडी पिशवी घेऊन. दोन्ही संघांना विचारत सुटला की बरोबरी ठरली होती का. सगळ्यांनी सांगितलं, छे, सामना नेहमीसारखाच झाला. मग त्याने अहवाल लिहिला की बावीस जणांत प्रामाणिकपणे खेळलेला खेळाडू एकच, एर्मेस ग्वाल्दी. ते छापूनही आलं. त्याहून मोठी शिवी त्याला कुणी देऊ शकलं नसतं. तोर्रेफाल्काने करार वाढवला नाही. बाकीच्या क्लबांत फोन जायच्या आधी बातमी जायची: हा तोच, ज्याने बिस्किट मोडलं. याच्याबरोबर खेळायला कुणी तयार नाही. तेहतिसाव्या वर्षी तो खरबुजांच्या गोदामात ट्रक चालवायला लागला.

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी तो माझ्या अंगणात आला. अदेल्मोने खिडकीतून पाहिलं आणि दाराला आतून कडी घातली.

"बाबा, उघडा ना."

आत रेडिओ चालू होता.

"बाबा, मी काय मुद्दाम केलं का? माझंही घर गेलं ना त्यात! वारा होता हो!"

रेडिओचा आवाज मोठा झाला. एर्मेस अर्धा तास पायरीवर बसला आणि गेला. दर महिन्याला एकदा यायचा, तसाच बसायचा, तसाच जायचा. कधी खरबुजं ठेवून जायचा. अदेल्मो ती शेजाऱ्यांना वाटून टाकायचा, मला चाखायलाही द्यायचा नाही.

मी गुरुवारी तोर्रेफाल्काच्या बाजारात जायची. तिथे कॉफी प्यायला एर्मेस यायचा. जानेवारीतल्या एका गुरुवारी, धुकं एवढं की समोरचं चर्च दिसत नव्हतं, त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मावशी, वारा नव्हता."

"माहीत आहे."

"कसं?"

"तोंड पाहिलं होतं तुझं."

त्याने साखरेची पुडी दुमडली. "मी मान वर केली आणि रिकामा गोल दिसला. सोळा वर्षांत मला रिकामा गोल कधी दिसलाच नव्हता, मी नेहमी उलट्या दिशेला तोंड करून धावलो. मला घर आठवलं नाही, बाबा आठवले नाहीत, काही नाही. नुसतं वाटलं, हा माझा. आणि पायातून निघाला ना मावशी, तेव्हाच कळलं की जाणार. तेवढा एक क्षण मी... मी एवढा सुखी कधीच नव्हतो. लाज वाटते सांगायला. बापाचं घर मोडत होतं आणि मी सुखी होतो."

"हे त्याला सांग."

"वेड लागलंय का? चुकून झालं म्हणतोय तर दार उघडत नाहीत. जाणूनबुजून मारला म्हटलं तर मरून जातील. तू शपथ घे, तू त्यांना सांगणार नाहीस."

"एर्मेस..."

"शपथ घे. माझ्या आईची."

त्याच्या आईचे शेवटचे कपडे मीच घातले होते. मी शपथ घेतली.

त्यानंतर महिन्याभराने मी अदेल्मोच्या खोलीत इस्त्री करत होते. तो जाळी शिवत होता. कुणाची जाळी, कशासाठी, विचारायची सोय नव्हती, कारण मैदानच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "अदेल्मो, त्या पोराने काय खून केलाय का? क्लब बुडाला, बुडाला. ज्या क्लबला चार मिनिटांत उघड्या गोलमध्ये चेंडू घालता येत नाही तो बुडालेलाच बरा."

"क्लबसाठी कोण रागावलंय?" तो म्हणाला.

"मग?"

"मी झेंड्याजवळ होतो. कापूस सरळ खाली पडत होता. एक तूस हललं नाही." त्याने दोरा दातांनी तोडला. "आणि त्याचा जमिनीवर टेकलेला पाय. लांब टोलवताना टेकलेला पाय वाकडा पडतो. त्याचा सरळ गोलाकडे होता. त्याने बघून मारला, नॉर्मा. पंचेचाळीस मीटरवरून, डाव्या पायाने. मी चाळीस वर्षं त्या मैदानावर चेंडू जाताना पाहिलेत, असा एकही नव्हता. सुंदर होता. मी स्टुलावरून उठलो होतो, तुला माहीत आहे? माझं घर चाललं होतं आणि मी उठून उभा राहिलो होतो."

माझी इस्त्री तशीच राहिली आणि उशीचा अभ्रा जळाला.

"मग दार का उघडत नाहीस, म्हाताऱ्या?"

"कारण तो वारा होता म्हणतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांत घुसला, एकदा आयुष्यात स्वतःचं काहीतरी केलं, आणि ते वाऱ्याच्या नावावर टाकतो. माझ्या तोंडावर टाकतो. त्याने येऊन म्हणू दे, बाबा, मी मारला. मी दार उघडतो, वाइनही उघडतो."

"मी सांगते त्याला."

"नाही!" त्याने सुई माझ्यावर रोखली. "तू सांगितलंस की बाप वाट बघतोय, तर तो माझी मर्जी राखायला म्हणेल. मग त्याला काय अर्थ? त्याचं त्याने यायला हवं. तू एक शब्द बोललीस तर मी आजच या घरातून जाईन, कालव्यात जाईन."

आणि अदेल्मो म्हणाला तसं करणारा माणूस होता.

वाचणाऱ्यांना वाटेल, ही बाई मूर्ख आहे, दोघांचंही ठाऊक होतं तर बोलून मोकळी का झाली नाही. मीही स्वतःला रोज तेच विचारते. पण एकीकडे मेलेल्या मैत्रिणीची शपथ आणि दुसरीकडे कालवा. मी दोघांनाही आडून आडून ढकलत राहिले. एर्मेसला म्हणायची, "बापाशी खरं बोलायला भीती कसली?" तो म्हणायचा, "तू त्यांना ओळखत नाहीस." अदेल्मोला म्हणायची, "पोरगा आहे, आधी तू हाक मार." तो म्हणायचा, "तू त्याला ओळखत नाहीस." दोघांची तोंडं एकाच साच्यातली, हट्ट एकाच साच्यातला. एक वर्ष गेलं. महिन्यातून एकदा तो पायरीवर, हा रेडिओपाशी, मध्ये चार बोटांचं लाकूड, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत.

पुढच्या फेब्रुवारीत अदेल्मो अंगणात पडला. हृदय. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलाला बोलवा, फार वेळ नाही. मी गोदामात फोन केला. एर्मेस ट्रक घेऊनच आला, अंगावर निळा डगला, हाताला खरबुजाच्या पेट्यांचा भुसा.

अदेल्मो शुद्धीवर होता. नाकात नळी, डोळे मात्र लख्ख. दीड वर्षानंतर पहिल्यांदा त्याने मुलाकडे सरळ पाहिलं.

"आलास," तो म्हणाला.

"आलो, बाबा."

"बोल."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल, दोन शब्द आहेत, मी मारला, एवढंच, बोल. एर्मेसने बापाचा हात हातात घेतला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि काय करावं ते न कळून नुसती मान हलवली. त्याला त्या मान हलवण्यातून काय कळलं, देव जाणे.

"बाबा," तो म्हणाला, "शपथ घेऊन सांगतो, वारा होता. मी तुमचं घर मुद्दाम नाही मोडलं. नसतं मोडलं कधी. वाराच होता."

अदेल्मोने हात काढून घेतला नाही. त्याने फक्त तोंड भिंतीकडे वळवलं. संध्याकाळच्या जेवणाच्या गाड्या फिरत होत्या तेव्हा तो गेला.

दफनाला आठ माणसं होती. झानासी आले होते, बायकोसकट. पाद्र्यांनी घाईत उरकलं, पाऊस होता. सगळे गेल्यावर एर्मेस दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "निदान शांतपणे गेले. निदान त्यांना वाटलं असेल की चुकून झालं."

तेव्हा मी बोलले. का बोलले? गप्प राहिले असते तर तो त्या समजुतीवर उरलेलं आयुष्य काढू शकला असता. पण अदेल्मो मेला होता, त्याच्यासाठी गप्प राहायचं कारण उरलं नव्हतं, आणि माझ्याच्याने आणखी एक दिवस ते पोटात ठेवणं होत नव्हतं. स्वतःचं ओझं उतरवायला बोलले, दुसरं काही नाही. कापूस सांगितला, टेकलेला पाय सांगितला, वाइन सांगितली. सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "आणि गोल? गोलाबद्दल काही म्हणाले?"

"सुंदर होता म्हणाले. चाळीस वर्षांत असा पाहिला नाही म्हणाले. स्टुलावरून उठले होते."

एर्मेस फाटकाच्या दगडावर बसला, ओल्या दगडावर, काळ्या कोटात. चौतीस-पस्तीस वर्षांचा धिप्पाड माणूस, गुडघे छातीशी घेऊन. रडला नाही. रडला असता तर मी त्याला जवळ घेतलं असतं.

"तुला केव्हापासून ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून."

"म्हणजे मी पायरीवर बसायचो तेव्हा."

"हो."

"दवाखान्यात तू तिथेच उभी होतीस."

"हो."

"मी तुझ्याकडे पाहिलं होतं, मावशी."

तो उठला, कोटाची बटणं लावली आणि गावाकडे न वळता कालव्याच्या रस्त्याने तोर्रेफाल्काकडे चालू लागला. चौदा किलोमीटर, पावसात, त्या गुडघ्याने. मी छत्री घेऊन मागून हाका मारल्या. त्याने मागे पाहिलं नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. जुलैत खरबुजांचा ट्रक माझ्या दारावरून जातो, कधी दिवसातून दोनदा. आवाज ऐकू आला की मी बाहेर येते आणि हात वर करते. तो समोर बघून चालवतो.